कमरेची हाडे
(पुसद येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



गुणगौरवाचा कार्यक्रम आटोपल्यावर भोजनापूर्वी अर्ध्या-पाऊण तासाचे एखादे बोधपर भाषण व्हावे अशी आपल्या चिटणीसांची इच्छा होती व ते काम त्यांनी आमच्याकडे सोपविले. विषय कोणता घेणार, असे त्यांनी विचारले. आम्ही 'कमरेची हाडे' असे उत्तर दिले. चिटणीस क्षणभर गप्प राहिले, मग हलक्या आवाजात म्हणाले, "गुरुजी, सभेला बायामाणसे असतील." आम्ही म्हणालो, "म्हणूनच तो विषय घेतला." यावर ते काही बोलले नाहीत, पण पत्रिकेत विषय छापावयाचे मात्र त्यांनी टाळले. त्यांचा आम्हांस राग नाही. आम्ही स्वतः अडतीस वर्षे तेच केले आहे.

आम्ही डॉक्टर नव्हे, हे प्रथमच सांगणे बरे. मॅट्रिक होऊन आम्ही शिक्षकी पेशात शिरलो आणि हातात खडू घेऊनच निवृत्त झालो. वरच्या वर्गांना शास्त्र हा विषय आमच्याकडे असे. शरीराचा धडा आला की भिंतीवर मानवी सांगाड्याचा तक्ता टांगावयाचा आणि छडीने एकेक हाड दाखवीत जावयाचे. कवटी, जबडा, मान, खांदा, बरगड्या, पाठीचा कणा असे सर्व यथासांग दाखवून झाले की छडी कण्याच्या तळाशी येई. तेथे मुलांच्या रांगेत खुसखुस सुरू होई व मुली खाली माना घालीत. आम्ही "ही कंबर" एवढे दोन शब्द उच्चारून छडी सरळ गुडघ्यावर नेत असू. अशा रीतीने किती वर्गांना आम्ही कंबर ओलांडून नेले याचा हिशेब नाही. ज्या हाडांवर आपण बसतो, ज्यांच्या आधाराने उभे राहतो आणि ज्यांच्या दारातून प्रत्येक जण या जगात आला, ती हाडे आमच्या विद्यार्थ्यांनी कधी ऐकलीच नाहीत. आज येथे आमचे काही जुने विद्यार्थी डोक्याचे केस पांढरे करून बसले आहेत. तो राहिलेला धडा आज पुरा करावयाचा आहे.

प्रारंभी सर्वांनी एक कृती करावी. पंढरीचा विठोबा जसा उभा आहे तसे दोन्ही हात कमरेवर ठेवावे. लाजण्याचे कारण नाही, अध्यक्षांनीही ठेवले आहेत. आता बोटांनी किंचित दाबून पाहा. कातडीखाली एक वळणदार कडा लागेल. पुरुषांचा करदोडा व धोतराची गाठ हिच्याच आधाराने राहतात. पाणी भरणारी स्त्री घागर टेकविते ती हिच्यावर. आणि मूल कडेवर घेतो असे आपण म्हणतो तेव्हा ते बसते तेही हिच्यावरच. ही कडा ज्या हाडाची आहे ते हाड वर पसरट व खोलगट असून दिसावयास सुपासारखे आहे. म्हणून आम्ही त्यास येथे सूपच म्हणू.

या सुपाच्या खाली, मागील बाजूस, दुसरे जाड हाड आहे. उघड्या पाटावर फार वेळ बसले म्हणजे दोन ठिकाणी जे टोचते ते हेच. याला बैठकीचे हाड म्हणावे. तिसरे हाड पुढील बाजूस ओटीपोटाच्या तळाशी आहे, त्याला जघनास्थी असे संस्कृत नाव आहे. लहान मुलात ही तिन्ही हाडे निरनिराळी असतात व त्यांच्यामध्ये मऊ कूर्चा असते. तेराव्या ते सोळाव्या वर्षांच्या सुमारास ती एकमेकांस सांधू लागतात आणि विशीच्या आसपास त्यांचे एकच अखंड हाड बनते. गंमत अशी की, या तिन्ही हाडांची गाठ जेथे पडते तेथेच मांडीच्या हाडाची खोबण आहे. ती गोष्ट पुढे येईलच.

असे एक हाड उजवीकडे व एक डावीकडे. पुढे ती दोन्ही एका कूर्चेच्या पट्टीने जोडलेली असतात. मागे त्यांच्यामध्ये पाचर मारावी तसे कण्याचे त्रिकोणी हाड बसलेले आहे. त्यास त्रिकास्थी म्हणतात. ते पाच मणके एकत्र जुळून झालेले असते. त्याच्याही खाली शेवटचे इवलेसे माकडहाड. पायरीवरून घसरून जो कधी बुडावर आपटला आहे त्याला त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. पाश्चात्त्यांच्या जुन्या लॅटिन भाषेत त्रिकास्थीला 'पवित्र हाड' असे नाव आहे. ज्या भागाचा उच्चार करावयास आपण संकोचतो त्याच भागातल्या हाडाला त्यांनी पवित्र म्हणावे, याचे आम्हांस फार नवल वाटले.

ही सर्व हाडे मिळून जे कडे होते त्याला शास्त्रात श्रोणी म्हणतात. लॅटिनमध्ये याचे नाव पसरट भांडे अशा अर्थाचे आहे. आपल्याला मात्र भांड्याचा दृष्टान्त शोधावयास नको, कारण आपले पुसदच तसे आहे. कोणत्याही वाटेने पुसदला यावयाचे तर घाट उतरावा लागतो. चारी बाजूंस डोंगरांची कड आणि मध्ये आपले गाव. डोंगरांतून वाट काढून पूस नदी जशी पुढे पैनगंगेकडे जाते, तशाच वाटा श्रोणीच्या भांड्यालाही आहेत. या भांड्याला हाडाचा तळ मात्र नाही. तळाशी स्नायूंची झोळी बांधलेली आहे व तिच्यावर मूत्राशय, आतड्याचा शेवटचा भाग आणि स्त्रियांचे गर्भाशय ही विसावलेली असतात. अनेक बाळंतपणांनंतर ही झोळी सैल पडते. मग खोकला आला की लघवी सुटणे, अंग बाहेर येणे असे त्रास सुरू होतात. आपल्या घरांतल्या कित्येक वृद्ध स्त्रिया हे दुखणे कोणालाही न सांगता वर्षानुवर्षे सोसतात. याला उपचार आहे. सुनेने सासूला विचारावे, लेकीने आईला विचारावे. पुरुषांनी वाहनाची सोय करावी आणि अधिक प्रश्न करू नयेत.

या कड्याच्या मागील बाजूस एक मोठी खाच आहे व तिच्यातून करंगळीहून जाड अशी एक नस पायाकडे उतरते. कमरेपासून टाचेपर्यंत कळ जाते तिला आपल्या वैद्यांनी गृध्रसी म्हटले आहे; ती याच नसेची कळ. जाता जाता सांगतो, ढुंगणावर सुई टोचून घ्यावयाची झाल्यास ती वरच्या व बाहेरच्या चौथाईतच घ्यावी. मध्यावर वा खाली टोचणाऱ्या अर्धवट माणसाच्या हातून ही नस दुखावली जाते व पाऊल लुळे पडते.

स्त्री व पुरुष यांच्या श्रोणीत भेद आहे. स्त्रीची रुंद, उथळ व गोलसर. पुरुषाची अरुंद व खोल. पुढील दोन हाडांच्या खाली जी कमान होते ती पुरुषात चिंचोळी, तर स्त्रीत चांगली ऐसपैस, काटकोनाजवळ जाणारी असते. मागील खाचेचेही तसेच. त्यामुळे केवळ सांगाडा पाहून तो स्त्रीचा की पुरुषाचा हे ठरवावयाचे झाल्यास जाणकार प्रथम कमरेच्या हाडांकडे वळतात. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. तेथे चार पायांच्या मातीच्या एका रांजणात पाय दुमडून बसविलेला एक सांगाडा मिळाला. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा हा मनुष्य पुरुष असून वयाने चाळिशीच्या आसपास असावा, असे अभ्यासकांनी ठरविले. मांस गेले, वस्त्रे गेली, नाव गेले, भाषा गेली. तरी माणसाचे वय व लिंग सांगावयास हाडे मागे राहिली.

स्त्रीच्या श्रोणीची ही रुंदी कशासाठी, ते उघड आहे. तथापि वाट सरळ नाही. भांड्याचे वरचे तोंड आडवे रुंद आणि खालचे तोंड पुढे-मागे रुंद, अशी तिची घडण असल्याने बाळाला उतरताना डोके वळवून घ्यावे लागते. किल्ली जशी कुलपात फिरवावी तसेच ते. गरोदरपणी पुढच्या कूर्चेचे व मागच्या सांध्यांचे बंधही किंचित सैल होतात. त्या दिवसांत कंबर दुखते म्हणून कुरकुरणारी सून नाटक करीत नसते, हे आमच्या वयाच्या भगिनींनी ध्यानी घ्यावे. आणखी एक गोष्ट आईबापांकरिता. मुलीची उंची वाढावयाची थांबली म्हणजे तिची वाढ पुरी झाली असे आपण समजतो. तसे नाही. उंची थांबल्यावरही श्रोणी काही वर्षे रुंदावत असते. मुलीच्या विवाहाचे किमान वय कायद्याने १९७८ पासून अठरा आहे, ते निदान एवढ्यासाठी तरी पाळले पाहिजे. कायद्याला चुकवून उरकलेली लग्ने आम्ही पाहिली आहेत व पुढे त्या मुलींची बाळंतपणेही पाहिली आहेत. तेथे नावे घेण्याचे प्रयोजन नाही.

आता त्या खोबणीकडे येऊ. सुश्रुताने शरीरातल्या सांध्यांचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांतला एक उलूखल, म्हणजे आपले उखळ. काख, जांघ आणि दात या ठिकाणी तो उलूखल सांधा सांगतो. दात उखळातल्या मुसळासारखे रुतलेले असतात हे खरे, परंतु ते हलत नाहीत. म्हणून आजचे शास्त्र त्यांना वेगळे काढते. जांघेच्या बाबतीत मात्र सुश्रुताचा शब्द आजही क्रमिक पुस्तकांत 'उखळीचा सांधा' म्हणून चालू आहे. रोमन लोकांना याच खोबणीत शिर्का ठेवण्याची वाटी दिसली व त्यांनी तिला तेच नाव दिले. ज्याच्या स्वयंपाकघरात जे भांडे, ते त्याच्या शास्त्रात आले. श्रोणीची हाडे सुश्रुताने पाच मोजली आहेत. त्याच्या मते एकंदर हाडे तीनशे, आजच्या मोजणीने प्रौढाची दोनशे सहा. मोजण्याची रीत वेगळी, तेव्हा त्यावरून कोणी कोणास हसू नये.

या उखळात मांडीच्या हाडाचा चेंडूसारखा गोल माथा बसतो. बोलीत या सांध्याला आपण खुबा म्हणतो. खांद्याचा सांधाही याच जातीचा, परंतु त्याचे उखळ उथळ असल्याने खांदा चटकन निखळतो. खुब्याचे उखळ खोल आहे, शिवाय भोवती बळकट अस्थिबंधांचे वेष्टन आहे. म्हणूनच माणूस मांडी घालून बसतो, उकिडवा बसतो, बैलगाडीच्या चाकावर पाय देऊन वर चढतो, तरी खुबा जागा सोडीत नाही.

जन्मतः मात्र हे उखळ उथळ असते. चेंडू त्यात नीट टेकून राहिला तरच त्याच्या दाबाने ते खोल घडत जाते. येथे आपल्या आज्यांची एक चाल आम्हांस फार शहाणपणाची दिसते. मूल कडेवर घेतले म्हणजे त्याच्या मांड्या फाकलेल्या राहतात व माथा उखळाच्या मध्यावर टेकतो. ज्या देशांत मुलांना पाठीवर वा कडेवर असे फाकल्या पायांनी वागविण्याची रीत आहे तेथे खुबा निखळलेली मुले कमी आढळतात. आणि ज्या जमातींत बाळाचे पाय सरळ ताणून फळीला बांधीत, तेथे ती अधिक आढळली आहेत. आईच्या सुपाच्या कडेवर बसून बाळाचे उखळ घडते, असे म्हटले तरी चालेल. तेव्हा बाळाला गुंडाळताना पाय जुळवून करकचून बांधू नये. ढोपरे वाकलेली व पाय मोकळे राहू द्यावे. मूल चालू लागल्यावर एका बाजूला लंगडत असेल, किंवा लंगोट बदलताना एक मांडी कमी फाकत असेल, तर 'चालेल हळूहळू' म्हणून वाट पाहू नये.

मांडीच्या हाडाचा माथा थेट दांड्यावर बसविलेला नाही. मध्ये एक तिरपी मान आहे. आमचे सर्व बोलणे ज्या जागेसाठी चालले आहे ती हीच मान. माथ्याला रक्त पोहोचविणाऱ्या मुख्य वाहिन्या या मानेला लगटून खालून वर चढतात. एखाद्या वस्तीला एकाच अरुंद बंधाऱ्यावरून पाणी जावे तसा हा प्रकार. बंधारा फुटला की वस्ती कोरडी. मान मोडली तर माथ्याचे रक्त तुटते आणि रक्त तुटलेले हाड हळूहळू मरते.

हाड न मोडताही रक्त तुटू शकते, आणि हे आपल्या विदर्भातल्या लोकांनी विशेषेकरून जाणले पाहिजे. सिकलसेल हा रक्ताचा विकार आपल्या भागात आहे. १९५८ साली नागपूरच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या विलायती नियतकालिकात त्याविषयी लिहिले होते. या विकारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक वाहिन्यांत अडकतात. खुब्याच्या माथ्याच्या वाहिन्या आधीच मोजक्या. त्या तुंबल्या की विशी-पंचविशीतल्या मुलाचा खुबा झिजू लागतो. जांघेत दुखते, कधी नुसते गुडघ्यातच दुखते, कारण खुब्याचे दुखणे गुडघ्यात जाणवावे अशीच नसांची मांडणी आहे. घरचे लोक 'वात आहे' म्हणून तेल चोळत बसतात. हा विकार अमुक जातीत आहे, आपल्यात नाही, असा वाद घालण्यापेक्षा रक्त तपासून घेणे सोपे. दोन्ही बाजू वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा रोग होण्याचा संभव चारांत एक एवढा असतो. १ जुलै २०२३ रोजी याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. आपल्या मंडळाच्या वधू-वर परिचय पुस्तिकेत नाडी, गण व गोत्र यांचे रकाने आहेत. रक्ततपासणीचा एक रकाना त्यात वाढवावा, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे लेखी दिली आहे.

आता जे सांगावयाचे ते घरातले आहे. आम्ही ते आजवर चारचौघांत सांगितलेले नाही.

सन २००९ च्या श्रावणात आमच्या मातोश्री नहाणीघरात पाय घसरून पडल्या. तेव्हा त्यांचे वय शहात्तर होते. आम्ही सर्व भावंडे त्यांना माय म्हणत असू. नहाणीत जुनी खडबडीत शहाबादी फरशी होती, ती काढून आम्हीच हौसेने चकचकीत टाइल्स बसविल्या होत्या. मायला उचलून खाटेवर निजविले. ती म्हणाली, "काही नाही रे, कमरेत उसण भरली." घरात उसणीवर जे जे करतात ते ते झाले, शेक झाला, लेप झाला. उसण काढण्यात ज्याचा हातखंडा म्हणून बोलबाला होता अशा एका गृहस्थाच्या घरच्या बाईंना बोलावून तीन दिवस मर्दनही करविले. मर्दनाच्या वेळी माय जी ओरडे ती आमच्या कानांतून अद्याप गेलेली नाही. आम्ही ओसरीवर उभे असू. आईची कंबर, तेथे लेकाने कसे पाहावे? सुनांनी विचारले तर ती "कमरेत, कमरेत" एवढेच म्हणे. जांघेत दुखते हा शब्द तिनेही उच्चारला नाही.

शाळेत जाण्यापूर्वी रोज सकाळी मायच्या पाया पडण्याचा आमचा नेम होता. तो त्या दिवसांतही चुकला नाही. खाटेच्या पायथ्याशी वाकून आम्ही तिच्या पावलांवर डोके ठेवीत असू. तिचे डावे पाऊल नीट आभाळाकडे बोटे करून असे. उजवे पाऊल बाहेरच्या अंगाला कलंडून भिंतीकडे वळलेले असे आणि उजवी टाच डावीपेक्षा दोन बोटे वर राही. एकोणीस दिवस आम्ही ती दोन पावले पाहिली. आडवे पडून पडून ती तशी झाली असतील, असा आमचा समज.

एकोणिसाव्या दिवशी ताप चढला म्हणून मोटार करून इस्पितळात नेले. तरुण डॉक्टरांनी पांघरूणही दूर केले नाही. पायथ्याशी उभे राहून दोन्ही पावलांकडे पाहिले आणि म्हणाले, "खुब्यात मोडले आहे. किती दिवस झाले?" नंतर क्ष-किरणाचा फोटो निघाला. मांडीच्या हाडाची मान मोडली होती. मोडलेला पाय स्नायूंच्या ओढीने आखूड होतो व बाहेर वळतो, हे त्यांनी औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर चित्र काढून आम्हांस समजाविले. ते चित्र आमच्या परिचयाचे होते. भिंतीवरच्या तक्त्यातला तोच भाग आम्ही छडीने ओलांडीत आलो होतो. पाहण्याची खूण लुगड्याच्या आड नव्हतीच. ती पावलांत होती, जेथे आम्ही रोज डोके ठेवीत होतो.

तोवर छातीत कफ भरला होता व पाठीला व्रण पडू लागले होते. शस्त्रक्रिया झेपणार नाही असे ठरले. माय पुन्हा उभी राहिली नाही. पुढच्या माघात ती गेली.

हाडे वयाबरोबर पोकळ होत जातात आणि स्त्रियांची पाळी गेल्यानंतर ती विशेष वेगाने होतात. त्यामुळे साध्या पडण्यानेही ही मान मोडते. अनेक देशांतल्या नोंदी पाहता, खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी पाचांत एकाहून अधिक वर्षाच्या आत दगावतात. त्यांना प्राणघातक ठरते ते बहुधा हाड नव्हे, तर अंथरूण. म्हणून आज डॉक्टरांचा कल शक्यतो एक-दोन दिवसांतच शस्त्रक्रिया करून रुग्णाला उठवून बसविण्याकडे असतो. वय झाले आता कशाला कापाकापी, हा विचार येथे उलटा पडतो; वय झाले म्हणूनच ती लवकर करावयाची. मान मोडली असेल तर वृद्धाचा माथा बदलून धातूचा बसवितात. त्याच्याखाली मोडले असेल तर सळई वा पट्टी घालून हाड जुळवितात. सबंध खुबाच बदलण्याची आजची रीत इंग्लंडात जॉन चार्नली या शल्यविशारदाने १९६२ च्या सुमारास रुळविली. धातूचा चेंडू व प्लॅस्टिकची वाटी, असे ते नवे उखळ-मुसळ. नव्या खुब्याने माणूस चालतो, जिना चढतो. मांडी घालणे व उकिडवे बसणे मात्र डॉक्टरांना विचारल्याखेरीज करू नये. जेवण खुर्चीवर, शौचास कमोड. पंगतीत अशा माणसाला पाटावर बसण्याचा आग्रह करणारे यजमान आम्ही पाहिले आहेत.

तेव्हा घरातले वृद्ध माणूस पडले आणि पाय उचलता येईना, तर प्रथम त्याच्या पायथ्याशी उभे राहा व दोन्ही पावले पाहा. एक पाऊल बाहेर वळलेले व पाय आखूड दिसला तर चोळू नका, ओढू नका, उभे करून पाहू नका. दोन पायांमध्ये उशी ठेवून आडवेच न्या. पाऊल सरळ दिसले तरी निश्चिंत राहू नका. कधी मोडलेली टोके एकमेकांत रुतून बसतात व माणूस चार पावले चालतोही. जांघेत दुखत असेल तर फोटो काढावाच. 'जांघ' हा शब्द घरात मोठ्याने उच्चारता येऊ द्या. नहाणीत खडबडीत फरशी व भिंतीला धरावयास दांडा, हा खर्च फार नाही. आमच्या घरी तो मायच्या मागून झाला.

वेळ झाल्याची खूण चिटणीस करीत आहेत. एकच गोष्ट राहिली, ती काठीची. या मंडपात काठी घेऊन आलेले अकरा जण आम्ही मघाशी मोजले. त्यांपैकी सात जणांची काठी दुखऱ्या पायाच्याच हातात आहे. हे चुकीचे आहे. आपण एका पायावर उभे राहतो तेव्हा देहाचा भार खुब्याच्या आतल्या बाजूला पडतो आणि देह तिकडे कलू नये म्हणून बाहेरचे स्नायू सुपाला खाली ओढून धरतात. ज्या पहारीचा आपल्याकडचा दांडा आखूड तिला जोर अधिक लावावा लागतो. या स्नायूंचा दांडा आखूड आहे. त्यामुळे साध्या चालण्यातही खुब्यावर देहाच्या वजनाच्या अडीच पटींच्या आसपास दाब येतो. काठी समोरच्या बाजूच्या हातात धरली म्हणजे ती खुब्यापासून लांब टेकते, दांडा लांब होतो, आणि हाताच्या थोड्या रेट्यानेही त्या स्नायूंचे पुष्कळ काम वाचते. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि काठी व उजवा पाय एकाच वेळी पुढे. पहिल्या दिवशी अवघडल्यासारखे होते. तीन-चार दिवसांत हात वळतो.

सांगाड्याचा आमचा जुना तक्ता आम्ही सोबत आणला आहे. तो मंडपाच्या दाराशी टांगला आहे व संमेलनानंतर आपल्या विद्यार्थी वसतिगृहात राहील. जेवणे झाल्यावर त्या सात जणांनी तेथे यावे. आम्ही थांबतो. चार पावले बरोबर चालून हात बदलून पाहू.